पंधराव्या वर्षी पहिली परीक्षा

सेकंड हँड गाडी बघायला गेलं की रंग बघितला जातो, टायर बघितले जातात, स्पीकर वाजवून बघितले जातात. ही गाडी आजवर कोणी, कधी आणि कशासाठी तपासली होती, हे मात्र कोणी विचारत नाही. भिवंडीत पहिली गाडी घ्यायचा विचार करणाऱ्यांनी टोकन देण्याआधी विचारायचा प्रश्न नेमका हाच आहे.

भिवंडीत राहणाऱ्याला गाडी का हवी असते, हे भिवंडीकराला समजावून सांगायला नको. शहराच्या नावाचं स्टेशन आहे, भिवंडी रोड. पण ते वसई-दिवा मार्गावर आणि तिथून सुटणाऱ्या मेमू मोजक्याच. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं, तेव्हा शाळेत असलेली पोरं आता डिग्रीला आहेत. धामणकर नाक्यावरून शेअर रिक्षा, मग बस, मग पुन्हा रिक्षा असं करत कॉलेज, क्लास आणि पार्टटाइम नोकरी गाठायची. मग कधीतरी मानकोलीच्या गोदामातल्या कामाचे जमवलेले पैसे, थोडे घरचे आणि एखाद्या मित्राची भागीदारी असा हिशोब जुळतो आणि मोबाइलवर जाहिराती बघणं सुरू होतं. ‘२०११ मॉडेल, फर्स्ट ओनर, सिंगल हँड, शोरूम कंडिशन, पेपर क्लिअर, भाव बसून बोलू.’

यातला ‘पेपर क्लिअर’ हा शब्द जरा थांबून वाचायला हवा.

पासिंग म्हणजे काय रे भाऊ?

‘गाडी कुठल्या पासिंगची?’ असं आपण सहज विचारतो. उत्तर येतं, ‘एमएच झिरो फोर.’ म्हणजे ठाणे आरटीओ, आपलंच. पण पासिंग या शब्दात ‘पास होणं’ आहे. पास व्हायचं तर आधी परीक्षा हवी. तर प्रश्न असा, की पांढऱ्या नंबर प्लेटच्या खासगी गाडीची परीक्षा किती वेळा होते?

नवीन असताना नोंदणी होते, तेव्हा एकदा. त्यानंतर थेट पंधरा वर्षांनी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ नुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. ती संपली की गाडी आरटीओत नेऊन दाखवायची, ती रस्त्यावर धावायच्या लायकीची ठरली तर पुढची पाच वर्षं मिळतात. मधल्या काळात ब्रेक लागतात का, स्टेअरिंग सरळ आहे का, चासी गंजली आहे का, हे बघायला मालकाला सरकार एकदाही बोलवत नाही.

गंमत म्हणजे अंजूरफाट्यावर कोंडीत तुमच्यापुढे उभा असलेला मालाचा टेम्पो याबाबतीत जास्त ‘अभ्यासू’ असतो. व्यावसायिक वाहनाला फिटनेस सर्टिफिकेट लागतं. नवीन असताना ते दोन वर्षांचं, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. कागदोपत्री का होईना, त्याची तपासणी होत राहते. पांढऱ्या प्लेटची गाडी मात्र नर्सरीतून थेट दहावीच्या बोर्डाला बसते.

सगळीकडे असं नाही. ब्रिटनमध्ये १९६० मध्ये जुन्या गाड्यांची तपासणी सुरू झाली, तेव्हा ती दहा वर्षं झालेल्या गाड्यांना होती. पुढे ती वयोमर्यादा उतरत तीन वर्षांवर आली आणि तपासणी दरवर्षी असते. तिथे कुणीही गाडीचा नंबर टाकून सरकारी साइटवर बघू शकतो, की ही गाडी कोणत्या वर्षी पास झाली, कधी नापास झाली, का झाली आणि त्या दिवशी किती किलोमीटर चालली होती. विकणारा काहीही म्हणो, गुणपत्रिका सगळ्यांसमोर असते. जर्मनी आणि जपानमध्येही पहिली तपासणी तिसऱ्या वर्षी आणि मग दर दोन वर्षांनी.

आपल्याकडे अशी एकगठ्ठा गुणपत्रिका मिळत नाही, पण तिचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी पडलेले असतात. थोडे सरकारी साइटवर, थोडे विमा कंपनीकडे, थोडे सर्व्हिस सेंटरमध्ये आणि उरलेले गाडीच्या काचांवर. ते गोळा करून एका कागदावर तारखांनुसार लिहून काढायचे. एखादा कागद खोटं बोलू शकतो. पण पाच वेगवेगळ्या ठिकाणच्या पाच कागदांना एकच खोटं बोलायला लावणं अवघड असतं.

तारखा मांडायला बसा

वहीचं एक पान घ्या. डावीकडे वर्षं लिहा, २०११ पासून आजपर्यंत. आता एकेक तुकडा भरायचा.

पहिला तुकडा आरसीचा. गाडीचा नंबर मिळाला की परिवहन विभागाच्या ‘वाहन’ सेवेवर किंवा एमपरिवहन ॲपवर तपशील बघता येतो. गाडी कधी बनली, कधी नोंदली, नोंदणी कधीपर्यंत आहे, इंधन कोणतं, बीएस किती, कितवा मालक, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का, आरसी चालू आहे की नाही. मालकाचं नाव पूर्ण दिसत नाही, पण ‘फर्स्ट ओनर’ म्हणणाऱ्याची गाडी तिसऱ्या मालकाच्या नावावर आहे, हे इथेच कळतं. नोंदणी कधीपर्यंत, ही तारीख लाल पेनाने लिहा. २०११ च्या गाडीला ती २०२६ मध्ये असणार. स्वस्त भावाचं रहस्य बऱ्याचदा या एका तारखेत असतं.

कर्जाच्या रकान्यात बँकेचं नाव असेल, तर ‘ते कधीच फिटलंय हो’ या वाक्यावर जाऊ नका. कर्ज फिटलं तरी फॉर्म ३५ आणि बँकेचं ना हरकत पत्र आरटीओत पोहोचल्याशिवाय बोजा उतरत नाही. बोजा उतरवून आणायचं काम विकणाऱ्याचं.

दुसरा तुकडा पीयूसीचा. बीएस फोर आणि बीएस सिक्स गाडीची पीयूसी वर्षभर चालते, त्याआधीच्या गाड्यांची सहा महिने. पीयूसी फक्त धूर तपासते, ब्रेक नाही, हे लक्षात ठेवा. तरी तिचा एक उपयोग आहे. जुन्या पीयूसी मागून बघा. मध्येच दीड-दोन वर्षांची फट दिसली, तर त्या काळात गाडी काय करत होती? उभी होती? का उभी होती? कदाचित मालक गावाला गेला असेल, कदाचित गाडी अपघातानंतर गॅरेजमध्ये पडून असेल. फट हा पुरावा नाही, पण विचारायचा प्रश्न नक्कीच आहे.

तिसरा तुकडा विम्याचा आणि हा सगळ्यात बोलका. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीवर ‘नो क्लेम बोनस’ असा रकाना असतो. पहिलं वर्ष क्लेमशिवाय गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५०. क्लेम घेतला की साधारणपणे तो पुन्हा शून्यावर. म्हणजे ‘गाडीला एक ओरखडा नाही’ म्हणणाऱ्याच्या पॉलिसीवर बोनस शून्य दिसला, तर मागच्या वर्षी काय झालं हे विचारायला हवं. हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे त्याने नुकतीच गाडी घेतली असेल तर शून्य दिसणं स्वाभाविक आहे. जुन्या गाड्यांवर अनेकदा फक्त थर्ड पार्टी विमा असतो, त्यात हा रकाना नसतोच. मग आधीच्या वर्षांच्या पॉलिसी मागा. कॉम्प्रिहेन्सिव्ह कुठल्या वर्षापासून बंद झाला, हेही वहीत लिहा.

चौथा तुकडा सर्व्हिसचा. सर्व्हिस बुक हरवलं, हे वाक्य ऐकायला तयार राहा. हरकत नाही. मालकाला सोबत घेऊन किंवा त्याच्या नोंदवलेल्या मोबाइलवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चौकशी केली, तर जुन्या जॉब कार्डांच्या नोंदी निघू शकतात. जॉब कार्डावर त्या दिवशीचे किलोमीटर असतात. २०१६ च्या कार्डावर ८२ हजार आणि आज मीटरवर ६१ हजार असेल, तर मीटर मागे फिरवलंय हे सांगायला मेकॅनिक लागत नाही.

पाचवा तुकडा सीएनजीचा. आपल्या भागात जुन्या गाडीला सीएनजी किट असणं नवीन नाही. किट नंतर बसवलं असेल तर आरसीवर ‘पेट्रोल/सीएनजी’ अशी नोंद हवी. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करून घ्यावी लागते आणि तिचं सर्टिफिकेट मिळतं. डिकी उघडा, सिलिंडरवरची प्लेट आणि तारीख बघा. खासगी गाडीच्या आयुष्यात ठरावीक काळाने होणारी ही एक खरीखुरी तपासणी आहे, तीच चुकवली असेल तर बाकीचं काय पाळलं असेल, याचा अंदाज येतो. शिवाय मागच्या सीटवर बसणारे तुमचेच मित्र असणार आहेत.

सहावा तुकडा कुणी फारसा बघत नाही, ई-चलनाचा. महाट्राफिक ॲपवर किंवा परिवहनच्या ई-चलन साइटवर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे अंक टाकले की चलनं दिसतात. थकीत दंड किती, हे तर कळतंच. पण चलनावर तारीख, वेळ आणि ठिकाणही असतं. ‘फक्त रविवारी फॅमिलीला घेऊन वज्रेश्वरीला जातो’ असं सांगणाऱ्याच्या गाडीची चलनं मंगळवारी पहाटे नाशिक हायवेवर आणि गुरुवारी रात्री घोडबंदरला निघाली असतील, तर गाडी भाड्याने फिरत होती, असा संशय घ्यायला जागा आहे.

हे सगळं एका पानावर आलं की गाडीचा पंधरा वर्षांचा प्रवास दिसतो. जिथे तारखा एकमेकींना दुजोरा देतात, तिथे टिक करा. जिथे फट आहे, तिथे प्रश्नचिन्ह टाका. विकणाऱ्याशी बोलणं या प्रश्नचिन्हांवर व्हायला हवं, भावावर नंतर.

पाण्यात बसलेली गाडी

कामवारी नदी भरली की तीनबत्ती, भाजी मार्केट, नदीनाका या भागांत काय होतं, हे दर पावसाळ्यात आपण बघतो. घरात पाणी शिरलं की सामान वर चढवता येतं, गाडी चढवता येत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबई-ठाण्यात बुडालेल्या कितीतरी गाड्या नंतर धुऊन-पुसून बाजारात आल्या, ही आठवण आजही गॅरेजवाले सांगतात.

पाण्याची गाडी नुसती जुनीच असते असंही नाही. २०२१ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी पनवेल परिसरातलं एक प्रकरण उघडकीस आणलं होतं. पुराचं पाणी शिरल्यामुळे भंगारात काढलेल्या कोऱ्या गाड्या मोडण्याऐवजी चासी नंबर बदलून, नोंदणी करून लोकांना विकल्या गेल्याचा आरोप होता. दीडशेच्या घरात गाड्या जप्त झाल्या. ज्यांनी त्या घेतल्या, त्यांच्याकडे आरसी होती, नंबर प्लेट होती, सगळे ‘पेपर क्लिअर’ होते.

म्हणून कागद गाडीशी जुळवून बघणं भाग आहे. बोनेट उघडून चासी नंबर शोधा, आरसीवरच्या नंबराशी एकेक अक्षर ताडून बघा. त्या जागेचा रंग आजूबाजूपेक्षा वेगळा आहे का, पत्रा घासलेला किंवा वेल्डिंग केलेला वाटतो का, अक्षरं वेडीवाकडी आहेत का, हे बघा. आरटीओच्या कामाला लागतो तसा कागद ठेवून पेन्सिल फिरवून ठसा घ्या. खाडाखोड डोळ्यांपेक्षा पेन्सिलला लवकर सापडते. गाडी चोरीची आहे का, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवर नागरिकांना तपासता येतं.

पाण्यात गेलेली गाडी ओळखायला सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. धुतलेल्या गाडीतही बेल्टच्या आतल्या भागावर चिखलाची रेष राहते. डिकीतलं स्टेपनी काढून खालच्या खड्ड्यात बोट फिरवा, बारीक गाळ लागतो का बघा. सीटखालचे बोल्ट गंजलेत का, हेडलाइटमध्ये पाण्याचे थेंब किंवा धुकं आहे का, हेही बघा. कारमध्ये अत्तराचा भपकारा असेल तर काचा बंद करून दहा मिनिटं बसा. अत्तर उडतं, कुबट वास राहतो.

गाडीवर लिहिलेल्या तारखा

ज्यांना डिटेक्टिव्हगिरी आवडते, त्यांच्यासाठी ही खरी मजा आहे. गाडीच्या प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह आणि ती काच कधी बनली याची खूण असते. सगळ्या काचांवरची खूण सारखी आणि एकच काच वेगळी असेल, तर ती बदलली आहे. पुढची काच दगड लागूनही फुटते. पण डाव्या बाजूची काच नवी, डावा दरवाजा किंचित वेगळ्या रंगाचा आणि त्याच दरवाज्याच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग पान्याने खरवडलेला, असं तिन्ही एकत्र दिसलं तर डावीकडून मोठा मार बसलेला असू शकतो. आता वहीत बघा, विम्याचा बोनस कोणत्या वर्षी शून्यावर आला होता?

टायरवर चार आकडी खूण असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटरवर ४० हजार किलोमीटर आणि टायर मात्र तिसऱ्या सेटचे, हे गणित जुळत नाही. क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटरच्या पेडलवरचं रबर, स्टेअरिंगची गुळगुळीत झालेली कड, ड्रायव्हर सीटचा दबलेला फोम, यांना किलोमीटर मागे फिरवता येत नाहीत.

चावी ‘ऑन’पर्यंत फिरवा, गाडी सुरू करू नका. इंजिनचा दिवा लागला पाहिजे. एअरबॅग किंवा एबीएस असेल तर त्यांचेही दिवे लागले पाहिजेत आणि गाडी सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. दिवा विझत नसेल तर बिघाड आहे हे सगळ्यांना कळतं. पण दिवा मुळात लागतच नसेल, तर तो कोणीतरी बंद करून ठेवलाय, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

आणि हे सगळं झाल्यावर तुमच्या ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी न्या. तुमच्या, विकणाऱ्याच्या नाही. रॅम्पवर चढवून खालून बघायला सांगा. वाडा रोड आणि बायपासच्या खड्ड्यांनी जम्पर, बुश आणि सायलेन्सरचं काय केलंय, ते वरून कधीच दिसत नाही. मेकॅनिकला त्याच्या वेळेचे पैसे द्या आणि त्याने सांगितलेल्या कामाचा अंदाजे खर्च कागदावर लिहून घ्या. भाव करताना तो कागद तुमच्या बाजूने बोलतो.

पंधरा वर्षांचं गणित

समजा सगळं जुळलं, गाडी चांगली निघाली आणि नोंदणी संपायला चार महिने आहेत. विकणारा म्हणतो, ‘रिन्यू होऊन जाईल हो, काही नसतं.’ मग तोच का करून देत नाही, हा साधा प्रश्न विचारा.

नूतनीकरणासाठी फॉर्म २५ भरावा लागतो, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत. त्यासाठी चालू विमा, चालू पीयूसी हवी आणि गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. कारच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ च्या बदलानंतर वीस वर्षांपेक्षा जुन्या कारला ती १०,००० आहे. उशीर केला तर कारसाठी दर महिन्याला ५०० रुपये जादा. शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला महाराष्ट्रात एचएसआरपी, म्हणजे ती नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट, बंधनकारक आहे. ती बसवली नसेल तर गाडी नावावर करताना आरटीओत काम अडतं.

तपासणीत गाडी नापास झाली तर दुरुस्तीचा खर्च येतो. म्हणजे ‘दीड लाखाची गाडी’ ही दीड लाखाची नसते. मेकॅनिकचा कागद, नूतनीकरण, कर, टायर, विमा हे सगळं मिळवून जी बेरीज येते, ती गाडीची खरी किंमत. शक्य असेल तर सौदा असा करा, की नूतनीकरण विकणाऱ्याने त्याच्या नावावर असतानाच करून द्यायचं आणि मग पूर्ण पैसे घ्यायचे. गाडी खरंच ठणठणीत असेल, तर त्याला यात अडचण नसावी. सरकारी परीक्षा पास झालेली गाडी घेणं आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी घेणं, यात फरक आहे.

दुसऱ्या राज्याच्या नंबरची चकाचक गाडी खूप स्वस्तात मिळत असेल तर जरा सबुरी. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने बंदी आणली आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. पुढे तिच्यात फेरफार होत राहिले, पण त्या काळापासून तिथल्या गाड्या इतर राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. गाडी वाईटच असेल असं नाही. पण मूळ आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र, इथला रोड टॅक्स आणि नवीन नंबर याचा खर्च आणि हेलपाटे कोण करणार, हे आधी ठरवा.

नावावर झाली नाही, तर आपली नाही

भिवंडीत कितीतरी गाड्या तीन-तीन हात फिरूनही पहिल्याच मालकाच्या नावावर असतात. ‘ओळखीतला व्यवहार आहे, नावावर करू निवांत.’ यात दोघांचंही नुकसान आहे. फेब्रुवारी २०१८ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं, की गाडी विकली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे, कायद्याच्या दृष्टीने तोच मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. त्या प्रकरणातली गाडी अपघातापूर्वी अनेक हातांतून गेली होती.

विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. ऑनलाइन अर्जाचा ओटीपी मालकाच्या नोंदवलेल्या मोबाइलवर जातो, त्यामुळे तो नंबर चालू आहे का, हे टोकन देण्याआधीच बघा. विम्यावरचं नावही १४ दिवसांत बदलायला अर्ज करा, नाहीतर तुमच्या गाडीचं नुकसान झाल्यावर विमा कंपनी हात वर करू शकते. गाडी डीलरकडून घेत असाल तर एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांप्रमाणे त्याच्याकडे आरटीओची अधिकृत परवानगी आहे का, ते विचारा. ती असेल तर मूळ मालकाने गाडी सोपवल्यावर तिची कायदेशीर जबाबदारी डीलरवर येते.

काकांना कसं विचारायचं?

आता सगळ्यात अवघड भाग. गाडी विकणारे बहुतेक वेळा अनोळखी नसतातच. बाबांच्या कारखान्यातले, मामांच्या ओळखीचे, शेजारच्या बिल्डिंगमधले. त्यांच्यासमोर पेन्सिल काढून चासी नंबर घासायचा म्हणजे ‘तुमच्यावर विश्वास नाही’ असं तोंडावर सांगितल्यासारखं वाटतं. घरचेही म्हणतात, ‘अरे, काका आहेत ते, फसवतील का?’

काका फसवणार नाहीत, असं धरून चाला. पण काकांनी ती गाडी सेकंड हँड घेतली असेल, तर काकांना तरी सगळं कुठे माहीत असणार? म्हणून वाक्य असं टाका, ‘काका, गाडी मला आवडलीय. बँकेच्या कामासारखं एकदा सगळं लिहून ठेवतो, म्हणजे नंतर तुम्हालाही कुणाचा फोन यायला नको.’ यात खोटं काही नाही. नोंदणी त्यांच्या नावावर राहिली तर चलनाचा आणि पोलिसांचा फोन त्यांनाच जाणार आहे. वहीतलं पान त्यांनाच दाखवा. प्रश्नचिन्हांची उत्तरं ते बरेचदा स्वतःहून देतात. ‘हो रे, २०१८ ला राजनोलीला मागून ठोकली होती, तेव्हा डिकी बदलली.’ हे कळलं की गाडी नाकारायलाच हवी असं नाही. मार कुठे बसला आणि काम कसं झालं हे माहीत असलेली गाडी घ्यायला भीती कमी वाटते.

आणि कुणी पान बघून चिडलंच, ‘घ्यायची तर घ्या, नाहीतर गिऱ्हाईक तयार आहे’ म्हणालं, तर त्या गिऱ्हाइकाला शुभेच्छा देऊन निघा. जुन्या गाड्यांचा तोटा भिवंडीत कधीच नव्हता.

गाडी घेतलीत की ते वहीचं पान फेकू नका. त्याच्याखाली पुढची ओळ लिहा, तारीख, किलोमीटर, काय काम केलं. प्रत्येक सर्व्हिसचं बिल, प्रत्येक पीयूसी, प्रत्येक पॉलिसी एका फाइलमध्ये लावा. चार वर्षांनी नोकरी लागेल, ही गाडी विकायला काढाल, तेव्हा समोर तुमच्यासारखाच एखादा कॉलेजचा पोरगा पेन्सिल घेऊन उभा असेल. त्याच्या हातात ती फाइल द्या.